तुझा कंट्रोल कुठाय?

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचं पोस्टर प्रदर्शन होतं. सगळ्या विभागांचं एकत्र, एकाच लांबलचक सभागृहात. ताज्या फ्लेक्सचा तो डोक्यात जाणारा वास, दुहेरी चिकटपट्टीवरून हळूहळू सुटत चाललेले कोपरे, आणि प्रत्येक पोस्टरशेजारी हात कुठे ठेवावेत हे न कळून अवघडून उभी असलेली मुलं. बोर्डांची वाटणी कुणीतरी विभागवार न करता आडनावांच्या क्रमानं करून टाकली होती. त्यामुळे वनस्पतिशास्त्राची एक मुलगी आणि इतिहासाचा एक मुलगा शेजारी-शेजारी आले होते. परीक्षक अजून पलीकडच्या टोकाला होते, वेळ जाता जात नव्हता. मुलीनं शेजारचं पोस्टर अगदी तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचून काढलं आणि सरळ विचारलं, "पण तुझा कंट्रोल कुठाय?" मुलाला काही कळेना. "म्हणजे साथ आली आणि त्यामुळे हे सगळं बदललं, असं म्हणतोयस ना? साथ आली नसती तर बदललं नसतं, हे कशावरून?" मुलगा जरा वेळ स्वतःच्याच पोस्टरकडे बघत राहिला. मग त्यानं तिच्या पोस्टरकडे मोर्चा वळवला. "आणि तुझं बी कुठून आलं?" "पाकीट आणलं विकत." "पाकिटावर जे छापलंय तेच आत होतं, हे कशावरून?"

आजूबाजूचे हसले. ते दोघंही हसले. तेवढ्यात परीक्षक येऊन ठेपले आणि दोघांनी आपापलं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. तिला विचारलं गेलं, रेप्लिकेट्स, म्हणजे त्याच प्रयोगाच्या पुनरावृत्त्या, किती घेतले. त्याला विचारलं गेलं, अमुक लेखकाचं काम पाहिलंस का. दोन्ही प्रश्न रास्त होते, दोघांची उत्तरंही तयार होती. पण माझ्या मते त्या दिवशीचे सगळ्यात चांगले दोन प्रश्न परीक्षक पोचण्याआधीच विचारून झाले होते, आणि त्यांच्यासाठी गुणपत्रिकेत रकाना नव्हता. घरी आल्यावरही ते प्रश्न डोक्यातून जाईनात.

मी संख्याशास्त्र शिकवते. त्यामुळे माझ्या वाट्याला एक विचित्र भाग्य आलेलं आहे. विद्यापीठातल्या इतर कुणाहीपेक्षा जास्त विभागांची मुलं माझ्या खोलीत येतात, फक्त ती सबमिशनच्या आधीच्या शेवटच्या पंधरवड्यात येतात. दारात घुटमळतात, "मॅडम, एक छोटीशी शंका होती," म्हणतात आणि पेन ड्राइव्ह काढतात. रोनाल्ड फिशर हा मोठा संख्याशास्त्रज्ञ १९३८ साली कोलकात्यात एका संख्याशास्त्रीय परिषदेत म्हणाला होता, की प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे जाणं म्हणजे त्याला शवविच्छेदन करायला सांगणं. प्रयोग कशानं मेला एवढं तो कदाचित सांगू शकेल. हे वाक्य मी कधीकाळी कागदावर लिहून दारावर चिकटवलं होतं. मुलं ते वाचून हसत आत यायची आणि पेन ड्राइव्ह काढायचीच. मग मी तो कागद काढून टाकला.

कोण कुठल्या विभागाचं हे आता मला हातातल्या सामानावरून ओळखता येतं. प्रयोगशाळेतली मुलं जाडजूड वही आणतात, तिच्या पानांवर कसले कसले डाग असतात, आणि वहीत खाडाखोड केली तर ती एका रेघेनं करायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हा नियम त्यांच्या अंगवळणी पडलेला असतो. मानसशास्त्राची मुलं भरलेल्या प्रश्नावल्यांचे गठ्ठे आणतात. संगणकशास्त्राची मुलं काहीच आणत नाहीत, त्यांचं सगळं कुठेतरी वर ठेवलेलं असतं आणि नेमकं तेव्हा ते उघडत नाही. इतिहासाची मुलं क्वचितच येतात. आली तर फोनवर काढलेले फोटो घेऊन येतात: पिवळी पानं, कडेला स्वतःचाच अंगठा, आणि तिरक्या सावलीत बुडालेली शेवटची ओळ.

त्या दोघांना मी नंतर बोलावून घेतलं. कुतूहल माझंच होतं. मुलीचा प्रयोग तसा साधा. पेट्री डिशमध्ये ओला फिल्टर पेपर, त्यावर मोजून मांडलेल्या बिया. एका गटाला नुसतं डिस्टिल्ड पाणी, बाकीच्या गटांना चढत्या मात्रेचं मिठाचं पाणी. रोज ठरल्या वेळी झाकण उघडायचं आणि किती बियांना मोड आला ते मोजायचं. मोड आला असं केव्हा म्हणायचं याचाही नियम असतो, मूळ दोन मिलिमीटर बाहेर दिसलं पाहिजे. ती भिंग लावून दोन मिलिमीटर मोजायची. मध्येच एका गटात बुरशी आली, सगळं फेकून पुन्हा लावलं. ते सांगताना तिचा आवाज असा झाला, की ऐकणाऱ्याला वाटावं घरातलं कुणी आजारी होतं. साध्या पाण्याचा तो पहिला गट म्हणजे तिचा कंट्रोल. त्याच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना काही अर्थच नाही, हे तिला इतकं पक्कं शिकवलेलं होतं, की जगात कंट्रोलशिवाय कुणी काही सिद्ध करू धजतं याचंच तिला नवल वाटलं होतं.

मुलाचं काम वेगळ्याच जातीचं. एका जुन्या रुग्णालयाच्या दाखल-नोंदवह्या. नाव, वय, धंदा, आजार, दाखल झाल्याची तारीख, आणि शेवटचा रकाना 'परिणाम'. साथीच्या आधी काही वर्षं, साथीत, आणि नंतर काही वर्षं. त्याला बघायचं होतं, की साथीनंतर रुग्णालयात येणारी माणसं बदलली का. आधी न येणाऱ्या थरातले लोक येऊ लागले का. तो म्हणाला, पहिले काही आठवडे त्यानं फक्त कारकुनांची अक्षरं ओळखण्यात घालवले. एक कारकून होता, त्याच्या पाळीत प्रत्येकाला 'ताप'च. दुसरा आला की एकाएकी आजारांची नावं वाढतात. माणसं तीच, रोग तेच, लेखणी बदलली. बायकांच्या नावापुढे धंद्याचा रकाना बहुतेक कोराच. साथीच्या ऐन भरात एक पान असं, की सलग बारा-पंधरा नावं एकाच हातानं, एकाच शाईनं, एका दमात लिहिलेली. म्हणजे दिवसभर कुणाला लिहायला सवडच मिळाली नसणार, रात्री बसून आठवून भरलेली. "मग त्या पानावरच्या वेळांवर मी विश्वास ठेवू का नको?" असं त्यानं मला विचारलं. त्या प्रश्नापुढे माझं सॉफ्टवेअर गप्प होतं.

पण तिच्या प्रश्नापुढे मला गप्प बसवेना. इतिहासाला कंट्रोल नसतो, हे सगळेच म्हणतात. काळ काही पुन्हा लावून बघता येत नाही. तरी कधीकधी जगानंच प्रयोग मांडून ठेवलेला असतो, तो ओळखावा लागतो. लंडनच्या दक्षिण भागात १८५४ साली कॉलरा पसरला तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरनं तेच केलं. दोन पाणी कंपन्यांचे नळ त्याच त्या गल्ल्यांतून गेलेले होते, शेजारच्या दोन घरांत दोन कंपन्यांचं पाणी. माणसं तशीच, हवा तीच, गरिबी-श्रीमंतीही सारखीच मिसळलेली. फरक एवढाच, की लॅम्बेथ कंपनीनं पाणी उचलायची जागा थेम्स नदीच्या वरच्या अंगाला हलवली होती आणि साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी अजून शहराची घाण मिसळलेलं पाणी उपसत होती. स्नोनं घरोघरच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. घाण पाण्याच्या घरांत दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू, दुसऱ्या कंपनीच्या घरांत ३७. हे मी मुलाला सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "मग पलीकडच्या तालुक्यातल्या रुग्णालयाच्या वह्या मिळाल्या तर? तिथे साथ उशिरा पोचली होती." अंतिम प्रबंध दोन दिवसांनी द्यायचा होता. पण त्याचे डोळे जे चमकले ते मी पाहिले.

आणि बियांच्या पाकिटाचं काय? त्याच्या प्रश्नाला मुलगी हसली होती, कारण प्रयोगशाळेत असले प्रश्न कुणी विचारत नाही. इतिहासात मात्र तो पहिला प्रश्न. कागद हातात आला की आधी विचारायचं: हा इथे कसा आला, कुणी लिहिला, मधल्या काळात कुणाच्या हातांतून गेला. जीवशास्त्रानं हा प्रश्न वेळेवर न विचारल्याची किंमत चांगलीच मोजलेली आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत वेगवेगळ्या नावांच्या लेबलांखाली माणसाच्या पेशी वाढवल्या जात होत्या. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर या जनुकशास्त्रज्ञानं त्यातल्या अनेक तपासल्या आणि शास्त्रज्ञांच्या एका सभेत दाखवून दिलं, की नावं निरनिराळी असली तरी त्या बहुधा एकाच बाईच्या पेशी आहेत. हेन्रिएटा लॅक्सच्या गाठीतून १९५१ साली काढलेल्या, हेला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. इतक्या जोमानं वाढणाऱ्या, की एखाद्या थेंबातून शेजारच्या बाटलीत शिरल्या तर मूळच्या पेशींना हुसकून लावत. त्या सभेत लोकांना हे मुळीच आवडलं नाही. वर्षानुवर्षांचं काम, आणि पाकिटावर लिहिलं होतं ते आत नव्हतं.

म्हणजे इतिहासाच्या पोरानं सहज विचारलेला प्रश्न फुसका नव्हता.

तेव्हापासून मला असं वाटू लागलंय, की पदवीच्या मुलांनी संशोधन करावं यामागची नेहमी सांगितली जाणारी कारणं दुय्यम आहेत. कौशल्यं वाढतात, पुढच्या प्रवेशाला उपयोग होतो, शिफारसपत्र मिळतं. सगळं खरं. पण या वयातल्या मुलांकडे एक गोष्ट असते, ती पुढे राहत नाही: आपल्या शाखेत काय विचारायचं नसतं, हे त्यांना अजून माहीत नसतं. विषयाची रीतभात अंगात मुरायला काही वर्षं लागतात. ती मुरली की माणूस कामाचा होतो, यात शंका नाही. त्याच वेळी काही दारं त्याच्यापुरती भिंतीसारखी दिसायला लागतात.

विल्यम पर्किनचं उदाहरण या बाबतीत सगळे देतात, पण जरा चुकीच्या अंगानं देतात. १८५६ सालच्या ईस्टरच्या सुट्टीत, अठराव्या वर्षी, घरातल्या तुटपुंज्या प्रयोगशाळेत तो क्विनिन हे हिवतापावरचं औषध बनवायला बसला आणि त्याला जांभळा रंग सापडला, ही गोष्ट आपल्याला नशिबाची म्हणून सांगतात. मला त्यातला आधीचा भाग जास्त आवडतो. त्याचा बेत मुळातच अशक्य होता. रेणूंची रचना तेव्हा कुणाला कळलेली नव्हती, फक्त अणूंची बेरीज माहीत होती. तर या पोरानं बेरीज जुळवली, डावीकडचे अणू आणि उजवीकडचे अणू, वर थोडा ऑक्सिजन, की झालं क्विनिन. व्हायचं काहीच नव्हतं, झालंही नाही. तांबूस चिखल मिळाला. मग त्यानं अ‍ॅनिलीन घेऊन तेच केलं तर काळा चिखल. तो धुताना अल्कोहोलमध्ये जांभळं काही उतरलं. त्या काळचा कुठलाही शहाणा रसायनशास्त्रज्ञ असला चिखल बघून एकच गोष्ट करायचा, ओतून द्यायचा. स्वच्छ स्फटिक मिळाले नाहीत म्हणजे प्रयोग फसला, ही रीत. पर्किनला रीत ठाऊक होती, पण पुरती मुरलेली नव्हती. त्यानं तो रंग रेशमावर लावून पाहिला. त्याच वर्षी पेटंट घेतलं आणि त्याच्या गुरुजींच्या, हॉफमनच्या, नापसंतीला न जुमानता शिक्षण सोडून कारखाना काढायला गेला.

राज्यशास्त्रातलं उदाहरण तर मी दरवर्षी सांगते. टेक्सास विद्यापीठातला ग्रेगरी वॉटसन नावाचा मुलगा. १९८२ साली एका वर्गासाठी निबंध लिहायचा होता. त्याला एक जुनी, अर्धवट पडून राहिलेली घटनादुरुस्ती सापडली: अमेरिकेच्या काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, सभासदांनी स्वतःचा पगार वाढवला तर तो पुढच्या निवडणुकीपर्यंत लागू होऊ नये. १७८९ साली मांडलेली. पुरेशा राज्यांनी तेव्हा मान्यता दिली नाही आणि ती तशीच राहिली. जाणकारांच्या लेखी ती कधीच मेली होती. वॉटसननं मूळ मजकूर वाचला आणि त्याला दिसलं, की तिच्यावर मुदत घातलेलीच नाही. मग ती अजून जिवंत आहे, असं त्यानं लिहिलं. निबंधाला सी ग्रेड मिळाली. त्यानं चिडून राज्याराज्यांच्या विधिमंडळांतल्या सभासदांना पत्रं लिहायला सुरुवात केली, आणि १९९२ साली ती अमेरिकेच्या राज्यघटनेची सत्ताविसावी दुरुस्ती झाली. २०१७ साली विद्यापीठानं त्याची ग्रेड बदलून ए केली. या गोष्टीवर मुलं खूश होतात. मला मात्र ती सी देणाऱ्या शिक्षिकेबद्दल कणव वाटते. समोर निबंधांचा ढीग असणार. त्या ढिगात बसून मेलेली आणि झोपलेली घटनादुरुस्ती वेगळी ओळखणं सोपं नसतं.

अलीकडचं सांगायचं तर रटगर्स विद्यापीठातला अँड्र्यू क्रापिविन. पदवीला असताना एक शोधनिबंध वाचता वाचता तो संगणकात माहिती साठवण्याच्या एका नेहमीच्या पद्धतीशी, हॅश टेबलशी, खेळत बसला आणि त्याला शोध अधिक वेगानं लावण्याची एक रीत सुचली. १९८५ साली अँड्र्यू याओ यांनी या वेगाला अमुक एक मर्यादा असणार, असं अनुमान मांडलं होतं आणि पुढची चाळीस वर्षं ते बहुतेकांनी गृहीत धरलं होतं. या मुलाला ते अनुमान माहीतच नव्हतं. मग दोन अनुभवी संशोधकांबरोबर बसून त्यानं २०२५ साली ते काम प्रसिद्ध केलं आणि अनुमान पडलं. आता गंमत बघा. आम्ही प्रत्येक प्रकल्पात पहिलं प्रकरण कसलं मागतो? पूर्वी झालेल्या कामाचा आढावा. क्रापिविननं तो नीट केला असता तर कदाचित पुढे गेलाच नसता.

थांबते. अशा गोष्टी एकामागोमाग एक सांगत गेलं की अज्ञान हीच विद्या असल्यासारखं वाटायला लागतं, आणि मी संख्याशास्त्राची आहे, मला हे शोभत नाही. आपल्याला जिंकलेल्यांच्याच कथा ऐकू येतात. ज्या हजारोंनी आढावा न घेता आधीच सापडलेली गोष्ट पुन्हा शोधली, चुकीच्या वाटेवर सत्र घालवलं, चिखल जपून ठेवला आणि तो चिखलच निघाला, त्यांच्यावर लेख येत नाहीत. नशिबाचा वाटाही मोठा असतो. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोमध्ये डॉक्टर फ्रेडरिक बँटिंगबरोबर काम करायला दोन विद्यार्थ्यांची नावं होती, चार्ल्स बेस्ट आणि क्लार्क नोबल. आधी कोण जाणार हे नाणं उडवून ठरलं, असं सांगतात. बेस्ट गेला, उन्हाळाभर राहिला, आणि इन्सुलिनच्या शोधाशी त्याचं नाव कायमचं जोडलं गेलं. नोबेल पारितोषिकातला आपला वाटा बँटिंगनं बेस्टबरोबर वाटून घेतला. नोबल नावाचा तो दुसरा मुलगा मात्र आपल्याला फक्त नाणेफेकीपुरता आठवतो.

आणि प्रश्न विचारून झाला तरी तो ऐकणारं कुणी लागतं. १९७८ साली प्रिन्स्टनमध्ये डायन हार्टली नावाच्या विद्यार्थिनीनं न्यूयॉर्कमधल्या नव्याकोऱ्या सिटीकॉर्प इमारतीवर प्रबंध लिहिला. समोरून येणाऱ्या वाऱ्याऐवजी कोपऱ्यावर तिरप्या येणाऱ्या वाऱ्याचा हिशेब तिनं केला तेव्हा भार जास्त येतोय असं तिला दिसलं. तिनं रचनाकारांच्या कार्यालयात विचारलं. इमारत भक्कम आहे, असं उत्तर आलं. विद्यार्थिनीनं आणखी काय करायचं? तिनं ते लिहून घेतलं आणि प्रबंध दिला. त्याच वर्षी त्या इमारतीचे पोलादी जोड रात्री रात्री गुपचूप वेल्डिंग करून पक्के करण्यात आले. जगाला ते १९९५ मध्ये कळलं. मूळ धक्का तिच्या प्रश्नानं बसला की दुसऱ्या कुणा विद्यार्थ्याच्या, यावर अजून मतभेद आहेत. मला त्यापेक्षा ते उत्तर छळतं. इतकं खात्रीचं, इतकं सौम्य, आपण रोज देतो तसलं.

उलट ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञानं काय केलं बघा. १८५२ च्या ऑक्टोबरात त्याच्या वर्गातल्या फ्रेडरिक गथ्रीनं त्याला विचारलं, नकाशातले शेजारी-शेजारी प्रदेश वेगळ्या रंगाचे दिसायला चार रंग पुरतात, ते का? प्रश्न मुळात त्याच्या भावाचा होता, नकाशा रंगवताना सुचलेला. डी मॉर्गननं त्याच दिवशी आपल्या मित्राला, हॅमिल्टनला पत्र टाकलं: एका विद्यार्थ्यानं आज मला एका गोष्टीचं कारण विचारलं, आणि ती गोष्ट खरी आहे हेच मला ठाऊक नव्हतं. सिद्धता मिळायला १९७६ उजाडलं, तेही संगणकाच्या मदतीनं. गणिताची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मला हे पत्र आठवतं. त्यांच्याजवळ डेटा नसतो, पोस्टरवर लावायला फोटो नसतो, आलेख नसतो. आख्खं सत्र एक सिद्धता समजून घेण्यात गेलेलं असतं आणि प्रदर्शनाच्या दिवशी त्यांच्या बोर्डापुढे सगळ्यात कमी गर्दी असते. एक मुलगी मला म्हणाली होती, "मॅडम, मला तिसऱ्या ओळीतून चौथ्या ओळीत जाता येत नव्हतं. आता येतं. एवढंच केलं मी." परीक्षकांना हे कसं सांगायचं, ही तिची शंका होती. मी म्हटलं, असंच सांग.

समाजशास्त्राच्या मुलांशी माझं आधी जमायचं नाही. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांवर एकीनं काम केलं होतं. "एन किती?" मी विचारलं, म्हणजे किती जणींना गाठलं. "अकरा." मी मनात हात टेकले. मग तिनं उतरवून काढलेल्या मुलाखती दाखवल्या. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात, हे मला ऐकून माहीत होतं. पण त्या कागदांवर बोलण्याबरोबर गप्प राहणंही उतरवलेलं होतं. कंसात 'थांबल्या'. कंसात 'खिडकीकडे बघत'. एका परिचारिकेनं झोपेबद्दलच्या प्रश्नावर झोपेबद्दल काहीच न सांगता मुलाच्या शाळेच्या वेळा सांगितल्या होत्या, आणि ते उत्तर वाचल्यावर मला माझ्याच विभागातल्या एका मोठ्या सर्वेक्षणाची प्रश्नावली आठवली. तिच्यात विचारलेलं होतं: आपण सरासरी किती तास झोपता? खाली चार चौकोन. हजारो लोकांनी चौकोनात खुणा केल्या होत्या. त्या खुणांखाली काय काय दडपलं गेलं असेल, हे त्या अकरा जणींमुळे दिसलं. अर्थात अकरा जणींवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, हेही मी तिला सांगितलं. तिनं ते शांतपणे मान्य केलं आणि विचारलं, "तुमच्या हजारांवरून एकीबद्दल बोलता येतं का?"

या सगळ्याला दुसरी बाजू आहे, आणि ती काही लपलेली नाही. गेल्या वर्षीचा प्रबंध नाव बदलून पुन्हा बांधला जातो, गाइडला तो ओळखीचा वाटतो आणि तोही काही बोलत नाही. कित्येकांच्या वाट्याला संशोधनाच्या नावाखाली महिनोन् महिने काचेची भांडी धुणं आणि दुसऱ्याचे आकडे रकान्यात भरणं येतं. आता तर यंत्राला सांगितलं की आढाव्याचं प्रकरण मिनिटात तयार, गुळगुळीत, एकही कोपरा न टोचणारं. मार्गदर्शकांचंही मला कळतं. एका मुलाला पहिल्यांदा उपकरण शिकवायला लागणारा वेळ आणि त्याच वेळात स्वतः केलेलं काम, हा हिशेब मांडला तर कुणीच पदवीचा विद्यार्थी घेणार नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवीच्या मुलांना थेट चालू संशोधनात सामील करून घेण्याची योजना सुरू केली, तेव्हा त्यात मुलांना श्रेयांक किंवा वेतन मिळण्याची सोय ठेवली होती. ते मला फार शहाणपणाचं वाटतं. ज्याच्या वेळेला किंमत दिली आहे त्याच्याकडून भांडी धुऊन घेताना दहादा विचार होतो.

बियांवर काम केलेली ती मुलगी नंतर पदव्युत्तर अभ्यासाला गेली. मध्यंतरी भेटली. फार छान तयार झाली आहे. बोलताना "संदर्भांत असं दिसतं की" अशी सुरुवात करते, प्रयोगाची मांडणी निर्दोष, आणि यंदा आधीच माझ्याकडे आली, सगळं संपल्यावर नव्हे. मला आनंद झाला. फिशरलाही झाला असता. तिच्या नव्या प्रयोगशाळेच्या शेजारी कोण बसतं, असं मी विचारलं, तर तीही पेशींवर काम करणारी, आणि पलीकडचीही. इतिहासवाल्या मुलाचं काय झालं, हे तिला माहीत नव्हतं. मलाही नाही.

परीक्षकांत एक जण नेहमी परक्या विभागाचा असावा, असं मी एका बैठकीत मांडून पाहिलं. "त्याला काय कळणार?" हा आक्षेप आला, वेळापत्रकाचा आला, गुण कसे विभागायचे हा आला. शेवटचा आक्षेप खरा अवघड होता आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ अजून नाही. चांगल्या प्रश्नाला दहापैकी किती? आणि तो प्रश्न विचारणाऱ्याला द्यायचे की ज्याच्यामुळे सुचला त्याला? ठराव काही झाला नाही.

म्हणून हल्ली शेवटच्या पंधरवड्यात मी माझ्यापुरती एक वाटमारी करते. दोन वेगळ्या विभागांच्या मुलांना एकच वेळ देते. एकाचं होईपर्यंत दुसऱ्यानं त्याच टेबलाशी बसायचं आणि पहिल्याचा सारांश वाचायचा. परवा संगीताचा एक मुलगा आणि भौतिकशास्त्राची एक मुलगी असे आले. त्याचा विषय: एकाच रचनेची जुन्या तबकड्यांपासून आजपर्यंतची ध्वनिमुद्रणं घेऊन लय कशी बदलत गेली ते मोजणं. आलेख सुंदर होता, जुन्या काळी सगळे भरभर वाजवायचे असं दिसत होतं. मला त्यातून रिग्रेशनची, म्हणजे सगळ्या ठिपक्यांमधून जाणारी, रेघ काढून द्यायची होती. मुलगी म्हणाली, "पण तबकडी बरोबर वेगानं फिरत होती हे कशावरून?" मुलगा म्हणाला, वेग चुकला तर सूरही चढेल, तो बघता येईल. "पण सूर तरी तेव्हा सगळीकडे सारखा होता का?" नव्हता, हे त्याला माहीत होतं. तो वैतागला. मग तिलाच सुचलं, की विजेवर ध्वनिमुद्रण व्हायला लागल्यानंतरच्या तबकड्यांत विजेची बारीक गुणगुण कधीकधी सापडते, आणि विजेची वारंवारता ठरलेली असते. ती सापडली तर वेग काढता येईल. तिच्याआधीच्या तबकड्यांचं काय, तो म्हणाला. त्यांचं मला माहीत नाही, ती म्हणाली.

एकच हेडफोन होता, त्याची एकेक बाजू दोघांनी कानाला लावली आणि माझा संगणक अडवून बसले. त्या दिवशी माझं रिग्रेशन काही झालं नाही.